पुढून तिसरं कार्ड

तुम्ही पाठवलेलं पुस्तक गुरुवारी पोचलं. पत्रपेटीच्या फटीतून जाण्यासारखं नव्हतंच ते, पोस्टमनने बेल वाजवून हातात दिलं आणि म्हणाला, "विटा मागवल्यात का?" कागद सोडवला तर आतून जुन्या पुस्तकांच्या दुकानाचा वास आला, दमट पुठ्ठ्याचा आणि कुणाच्या तरी तळघराचा. मध्ये पिवळी चिठ्ठी खोचलेली. नेहाचं अक्षर: "आजी, हे पान बघ! तू इतिहासात आहेस!!" खाली रोहनने मालगाडीचं इंजिन काढलंय.

पान उघडलं. खरंच मी आहे. हिरवी साडी, वर करडा कार्डिगन, केस घट्ट बांधलेले, लाकडी टेबलामागे ताठ बसले आहे. मागे भिंतभर अमेरिकेचा नकाशा. खाली माझं नाव आणि "लंडन कार्यालय, वाघिणींच्या शोधाचं टेबल." नावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर आहे, जे इथल्या बँकेला अजून जमलेलं नाही.

बाळांनो, मला राग आला. तुमच्यावर नाही, तुम्ही प्रेमाने शोधून, पोस्टाचा खर्च करून पाठवलंत. मी चहा केला, प्यायले, कप विसळून पालथा घातला. राग तिथेच होता. माझ्या वयात राग संध्याकाळपर्यंत आपोआप दमतो. हा दमला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. मी तुमच्या आईला रागावताना सगळं क्रमाने सांगायचे, तसंच सांगते.

आधी पुस्तकाबद्दल. अमेरिकेतल्या एका मोठ्या मालवाहू रेल्वे कंपनीचा हा अधिकृत इतिहास. तिच्या गाड्या तुमच्या घरामागून जातात, डबे मोजता मोजता रोहनला झोप लागते. जाड गुळगुळीत कागद. एकामागून एक अध्यक्ष, प्रत्येकाला अख्खं पान, प्रत्येकाच्या मिशा वेगळ्या आणि डोळे एकच. पहिल्या प्रकरणात एक छोटा रूळ एका नदीपर्यंत जातो. मग पानोपानी नकाशे येतात आणि तांबडी रेघ वाढत जाते, पसरते, दुसऱ्यांच्या रेघा पोटात घेते. पहिल्याच पानावर लिहिलंय की कंपनी म्हणजे एक कुटुंब. इंजिनांची नावं दिली आहेत. ज्यांनी डोंगर फोडून रूळ टाकले त्या चिनी आणि आयरिश माणसांचा एक फोटो आहे, शंभरेक माणसं पहारी घेऊन उभी. खाली फक्त ऋतू लिहिलाय: "उन्हाळा." कुटुंबातल्या माणसांचा फोटो असा छापतात का कुणी?

आता तुम्ही विचाराल, अमेरिकेतल्या मालगाडीचं लंडनमध्ये काय काम? हेच मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. तुमचे आजोबा तेव्हा इथल्या हॉस्पिटलात रात्रंदिवस ड्युटी करत होते, आणि पुण्याहून इंग्लिश घेऊन बी. ए. झालेली मी दोन खोल्यांत पडदे धुवून पुन्हा लावत होते. जाहिरात बघून अर्ज केला. कंपनीचं ऑफिस लंडनच्या सिटी नावाच्या व्यापारी भागात, एका काळवंडलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात फरशीच्या पॉलिशचा वास, ओल्या लोकरी कोटांचा वास, आणि खिडकी उघडली की कोळशाच्या धुराचा. काम असं: इंग्लंडातल्या कारखान्यांनी अमेरिकेला पाठवलेला माल बोटीने तिकडच्या बंदरात उतरायचा, कंपनीच्या वाघिणीत चढायचा आणि हजार दोन हजार मैल आत जायचा. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. नेहा, हसू नकोस, मराठीत खरंच तसं म्हणतात. आपली वाघीण आज कुठे पोचली हे इथल्या कारखानदाराला रोज हवं असायचं. ते शोधून सांगायचं काम आमच्या टेबलाचं.

दुपारी टेलेक्सचं यंत्र खडखडायला लागायचं. तिकडे तेव्हा सकाळ उजाडलेली असायची. कागदाची पट्टी लांब लांब येत राहायची, त्यावर वाघिणींचे नंबर आणि त्यांनी ओलांडलेल्या गावांची नावं. मग आम्ही त्या भिंतीवरच्या नकाशात टाचण्या पुढे सरकवायचो. तांबडी यंत्रांची, निळी कपड्यांची, पिवळी नाशवंत मालाची. बाहेर चार वाजता अंधार पडलेला, खिडकीवर पावसाचे ओघळ, आणि मी शिडीवर चढून एक पिवळी टाचणी कधी न पाहिलेल्या कुठल्याशा नदीपलीकडे नेऊन टोचते आहे. त्या टाचण्यांचा मला किती अभिमान वाटायचा! हे सांगताना आवाज मऊ होतोय माझा. तो मऊ होऊ नये.

कारण ते टेबल माझं नव्हतं. ते पेणकरकाकांचं होतं.

पेणकरकाका म्हणजे मुंबईचे बेने इस्राएल, कोकणातून आलेले आपले मराठी ज्यू. बोरीबंदरला मालाच्या ऑफिसात नोकरी करता करता लढाईच्या दिवसांत ते बोटीवरचे कारकून म्हणून इकडे आले, आणि या कंपनीत चिकटले. मी नोकरीला लागले तेव्हा ते साठीला टेकले होते. टक्कल, जाड भिंगं, कोपरावर चामड्याचं ठिगळ लावलेला कोट. पहिल्या दिवशी मॅनेजरने ओळख करून दिली तेव्हा गंभीरपणे हात मिळवला. मॅनेजर वळल्याबरोबर म्हणाले, "पुण्याची ना? म्हणजे दुपारी एक ते चार टेलेक्स बंद."

"आणि तुम्ही मुंबईचे," मी म्हटलं. "म्हणजे चारलाच घरी पळणार."

"शुक्रवारी साडेतीनला," ते म्हणाले. "पण ते मागाहून सांगेन."

परक्या गावात, परक्या थंडीत, रोज आठ तास कुणी आपल्या भाषेत चिडवतं, रागावतं, डब्यातला नारळाच्या दुधातला हलवा अर्धा कापून बशीत सरकवतं. ते काय असतं हे तुम्हाला कसं सांगू? तुमच्या आजोबांपेक्षा त्या वर्षांत मी काकांशी जास्त बोलले असेन. टाचण्या लावताना ते मला कंपनीचा इतिहास सांगायचे, कहाणी सांगतात तसा. "ही लाइन बघ. एका लाकूडवाल्याने काढली, कंपनीने गिळली. ही कोळशाची, तीही गिळली. ही भावाभावांची होती. आधी भांडायला लावलं, मग दोघांना गिळलं. या कंपनीला अजीर्ण कसं ते होत नाही बघ." प्रत्येक जंक्शन कुणाचं होतं, कुठल्या थंडीत तिथे गाड्या अडकल्या, कुठल्या पुलावरून अजूनही सावकाश जावं लागतं, सगळं तोंडपाठ. अमेरिकेत पाऊल न टाकलेला माणूस! या पुस्तकात जे आहे ते त्यांनी मला जास्त चांगलं सांगितलं होतं, आणि पहारीवाल्या माणसांसकट सांगितलं होतं.

हे पुस्तक निघणार हे आम्हाला तेव्हाच कळलं होतं. मुख्य कचेरीतून पत्र आलं की मोठा इतिहास छापायचा आहे, आणि शेवटी ज्यांची पंचवीस वर्षं सेवा पूर्ण झाली त्या सगळ्यांची नावं येतील, हमालापासून अध्यक्षापर्यंत. काकांची पंचवीस वर्षं त्या मे महिन्यात भरत होती. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं.

"हन्नाला सांगतो," काकूंचं नाव घेऊन म्हणाले. "म्हणावं, बायबलात नाही आलं नाव, या पोथीत येतंय."

"पेणकर असं छापतील का नीट?"

"तू तपासशील ना पोरी. एवढं इंग्लिश शिकलीस ते कशाला?"

हसत होते, पण त्या दिवसापासून मी त्यांना दोन-तीनदा पाहिलं, एका कोऱ्या कागदावर आपलं नाव छापील अक्षरांत काढून बघताना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाची नावं लिहिली त्या माणसाने. एकदा आपलं हवं होतं. जास्त नाही, एक ओळ.

आता शुक्रवारचं. सूर्य मावळला की काकांचा शब्बाथ लागायचा, आणि मग ते लिहायचे नाहीत, पैशाला शिवायचे नाहीत, गाडीत बसायचे नाहीत. डिसेंबरात इथे सूर्य चारच्या आत जातो. जुन्या मॅनेजरशी त्यांचं तोंडी ठरलेलं होतं: शुक्रवारी सकाळी लवकर यायचं, जेवणाची सुट्टी घ्यायची नाही, साडेतीनला निघायचं. तो मॅनेजर निवृत्त झाला, नवा आला, आणि नव्याला हे कुणी सांगितलंच नाही. शुक्रवारी तो दुपारी क्लबात जेवायला जायचा तो साडेचारला पाइपच्या वासासकट उगवायचा. मधल्या तासाभरात येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक टेलेक्सवर टेबलाच्या माणसाची आद्याक्षरं हवीत असा नियम. ती मी करायचे. काकांची आद्याक्षरं, त्यांच्यासारखीच, पहिल्या अक्षराला वर छोटा फाटा देऊन. मला त्यात काही गैर वाटलं नाही. घरातल्या मोठ्या माणसाचं पथ्य सांभाळावं तसं ते होतं.

"तुमचे पूर्वज काय करायचे हो शनिवारी?" मी एकदा विचारलं.

"तेल गाळायचे बाकीचे सहा दिवस. शनिवारी घाणा बंद. म्हणून कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. घाण्याने कधी तक्रार केली नाही, मग वाघिणींनी का करावी?"

टेबलावर कार्डांची एक लांब लाकडी पेटी होती. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड. पुढच्या बाजूला फक्त नंबर आणि ओलांडलेली गावं. आत माल काय, कुणाचा, ते मागच्या बाजूला. काकांनी ती लावली होती त्यांच्या पद्धतीने: जी वाघीण जितकी पुढे गेली तितकं तिचं कार्ड पुढे. रोज संध्याकाळी कार्डं आपापसांत जागा बदलायची. बाहेरच्याला तो नुसता गोंधळ. काका मात्र न बघता सांगायचे, "मागून पाचवं काढ," आणि ते बरोबर निघायचं.

मला तो गोंधळ सहन होत नव्हता. तुम्ही ओळखता मला. माझ्या मसाल्यांच्या बाटल्यांना लेबलं आहेत. त्या डिसेंबरात एका गुरुवारी, काका गेल्यावर, मी मागे थांबले आणि सगळी पेटी नंबराच्या क्रमाने लावून टाकली. लहानापासून मोठ्यापर्यंत. कोपरे एका रेषेत. सोमवारी दाखवेन, खूश होतील, असं मनात ठरवून गुणगुणत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी टेलेक्सची एवढी रीघ की पेटी उघडायला काकांना वेळच झाला नाही. तीन वाजून वीस मिनिटांनी लेस्टरहून फोन आला. तिथला विणकामाची यंत्रं करणारा कारखाना. त्यांची वाघीण वाटेत होती आणि गिऱ्हाईक बदललं होतं. दक्षिणेकडे जाण्याऐवजी ती उत्तरेकडे वळवायची. रेल्वेत असं चालायचं, धावत्या मालाचा पत्ता बदलता यायचा, फक्त ती वाघीण फाट्याचं जंक्शन ओलांडायच्या आत सांगायला हवं.

काकांच्या एका हातात कोटाची बाही, बाहेर आकाश राखाडी होत चाललेलं. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "जंक्शनच्या अलीकडेच आहे ती. पुढून तिसरं कार्ड. लगेच कळव, पोरी. मी पळतो, हन्ना मेणबत्त्या लावून बसेल."

मी पुढून तिसरं कार्ड काढलं.

दोन वर्षं त्यांनी म्हटलं की माझा हात जायचा. गेला. क्रम आता माझा आहे, त्यांचा नाही, हे त्या क्षणी माझ्या टापटीप डोक्यात आलंच नाही. कार्ड उलटून बघितलं नाही. नंबर टाइप केला, आद्याक्षरं केली, पहिल्या अक्षराला फाटा दिला, आणि यंत्राने खडखड करून तो नंबर समुद्रापलीकडे नेला.

त्या कार्डाच्या मागे लिहिलं होतं, गुलाबाची कलमं. केंटमधल्या एका नर्सरीची, ओल्या मॉसमध्ये मुळं गुंडाळून, गोणपाटात बांधून, दक्षिणेतल्या उबदार गावी चाललेली. ती वाघीण उत्तरेला वळली. शनिवार-रविवार एका ओसाड यार्डात, बाजूच्या रुळावर, बर्फात उभी राहिली. सोमवारी दार उघडलं तेव्हा मुळं काचेसारखी मोडत होती असं टेलेक्समध्ये होतं. रेल्वेची माणसं अशी वाक्यं लिहीत नाहीत. तिथल्या कुणाला तरी वाईट वाटलं असणार.

मॅनेजरने आम्हाला आत बोलावलं. खोलीत पाइपचा गोडसर, दाट धूर. समोर शुक्रवारचा कागद.

"मिस्टर पेणकर, ही आद्याक्षरं तुमची?"

काकांनी कागद हातात घेतला. भिंगांजवळ नेला. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं. पेटी त्यांनी सकाळीच उघडली होती. माझ्याकडे बघितलंही नाही.

"हो सर."

मी तोंड उघडलं. "सर, खरं म्हणजे शुक्रवारी..."

"गप," काका मराठीत म्हणाले, आवाज अजिबात न चढवता. "एक शब्द बोललीस तर पुन्हा माझ्याशी बोलू नकोस."

"काय म्हणाले ते?" मॅनेजरने मला विचारलं.

"मी तिला नर्सरीची फाइल आणायला सांगितलं," काका इंग्लिशमध्ये म्हणाले. "जा, घेऊन ये."

आणि मी गेले! बाळांनो, मी फाइल आणायला गेले. फाइल काढली, धूळ झटकली, परत आले तोवर दोन वाक्यांत सगळं संपलं होतं.

जिन्याच्या वळणावर मी त्यांना गाठलं. मी रडत होते, आणि रडण्याचाही राग येत होता. "काका, मी सांगते त्याला. कार्डं मी हलवली, नंबर मी पाठवला, सही मी केली."

"आणि तो विचारेल, सही तू का केलीस. मग काय सांगशील?"

"खरं सांगेन. शब्बाथ होता म्हणून."

"हां. मग तो माझा शब्बाथ त्या धुरात घेऊन बसणार. चघळणार, क्लबात सांगणार, मुख्य कचेरीला लिहिणार. ते नाही चालायचं. मी चुकलो असं तो म्हणाला तर म्हणू दे. माणूस चुकतो. पण ती गोष्ट त्या खोलीत न्यायची नाही."

"पण तुमचं पुस्तक? तुमची पंचवीस वर्षं?"

त्यांनी मफलर नीट केला. "त्याने सांगितलंय, फेब्रुवारीअखेर जा." मग एक पायरी उतरून, "कार्डं छान लावलीस हो. अगदी छापल्यासारखी. मी बघायला पाहिजे होती."

हे कौतुक मी अजून गिळू शकलेले नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी ते साडेतीनलाच गेले, आणि तेव्हा उजेड बराच होता. थांबले असते तरी चाललं असतं. कोपराला ठिगळ लावलेला तो कोट जिन्याच्या कठड्यावरून खाली खाली गेला. मॅनेजर त्या दिवशीही क्लबात होता. सोमवारी मला काकांचं टेबल मिळालं. मी ते घेतलं. ड्रॉवरमध्ये लवंगेचा वास होता. ते दाढेत धरायचे. तो वास जायला एप्रिल उजाडला.

मला मॅनेजरचा राग आहेच. कंपनीचाही आहे, जिला शंभर वर्षांत गिळलेल्या प्रत्येक गावाचं नाव लक्षात राहिलं आणि एका माणसाच्या तीन महिन्यांची तडजोड करता आली नाही. पण हे पत्र मी त्यांच्यासाठी लिहीत नाही. आता जे सांगते ते तुमच्या आजोबांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात लंडन ऑफिसची यादी करायला मुख्य कचेरीने कळवलं. पंचवीस वर्षं पूर्ण झालेल्यांची नावं, पुस्तकासाठी. मॅनेजरने कागद माझ्या टेबलावर टाकला. "तुम्हीच करा, तुम्ही नीटनेटक्या आहात." बाहेर जाताना म्हणाला, "मला दाखवायची गरज नाही, सरळ पाठवून द्या."

दाखवायची गरज नाही. बघा. कुणी तपासणार नव्हतं. अमेरिकेत कुणाला पेणकर कोण ते माहीत नव्हतं. एक ओळ. यंत्रावर बोटं ठेवून मी बसले होते, खाली रस्त्यावर फळवाला ओरडत होता, खिडकीतून पहिलं ऊन आलेलं. आणि मी विचार केला की नियम पंचवीसचा आहे आणि काकांची चोवीस वर्षं नऊ महिने झाली आहेत. खरं लिहायचं तर नाव बसत नाही. डिसेंबरात दुसऱ्याची आद्याक्षरं करताना ज्या बाईला काही वाटलं नव्हतं, तिला मे महिन्यात नियम आठवला. भीती होती ती, बाळांनो. टेबल जाईल याची भीती. तिला मी नियम म्हटलं. यादी टाइप केली, समास सारखे ठेवले, पाकीट चिकटवलं.

त्याच उन्हाळ्यात कंपनीचा फोटोग्राफर आला. "टेबलामागे बसा, मॅडम, नैसर्गिक दिसू दे." तुमच्या पिवळ्या चिठ्ठीच्या पानावर ते नैसर्गिक दिसणं आहे. यादी पुस्तकाच्या शेवटी आहे. लंडनखाली तीन नावं, मॅनेजरचं पहिलं. मी गुरुवारपासून चारदा वाचली. जणू मी तेव्हा केलं नाही ते छापखान्याने करून ठेवलं असेल.

परवा वाटलं, पेन घेऊन तिथे त्यांचं नाव लिहून टाकावं. टोपण काढलं होतं. मग ठेवून दिलं. नंतर कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, आजीने चूक दुरुस्त केली. दुरुस्त झालेली नाही. ती तशीच दिसू दे.

पुढे सत्तरच्या दशकात कंपनी दुसऱ्या एका कंपनीत मिसळली, किंवा दुसरी हिच्यात, काकांनी नीट सांगितलं असतं. लंडन ऑफिस बंद झालं. नकाशा उतरवला तेव्हा भिंतीत हजारो बारीक भोकं होती, नुसती भोकं, गावं नाहीत. तिथे आता हॉटेल आहे. गेल्या वर्षी मी मुद्दाम गेले होते. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने नेतात, आणि सगळीकडे लिंबाच्या साबणाचा वास येतो.

ऑफिस बंद झालं त्याच महिन्यात मी काकांना भेटायला गेले. इतकी वर्षं दिवाळीचं कार्ड पाठवत होते, जात नव्हते. वेम्बलीला उतरून नव्यानेच निघालेल्या एका दुकानातून पोहे आणि नारळ घेतले, कारण हन्नाकाकू गोड पोह्यांचा मलिदा करतात हे माहीत होतं. दार काकूंनी उघडलं. "अगं बाई, कोण ही! अहो, बघा तरी कोण आलंय. पुणेकर!"

काका खिडकीशी, गुडघ्यांवर पांघरूण. मोतीबिंदू झाला होता, भिंगं आणखी जाड. माझा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही. कंपनी कुणी गिळली ते विचारलं, आणि सांगितल्यावर पोट धरून हसले. घरात भिजलेल्या पोह्यांचा, वेलचीचा, उदबत्तीचा वास होता. मी घरून निघताना वाक्य पाठ करून आले होते: काका, ती यादी मी केली, आणि तुमचं नाव मी घातलं नाही. ट्रेनमध्ये ते म्हणत आले होते.

"पुस्तक निघालं म्हणे," त्यांनीच विषय काढला. "आमच्या देवळात एकाने लायब्ररीत पाहिलं. शेवटची यादी वाचून दाखव म्हटलं त्याला. नाही आलं."

"काका..."

"वाईट नाही वाटून घ्यायचं. तिकडच्या कुणी गोऱ्या पोराने बसून केली असणार. त्याला काय ठाऊक, तीन महिने म्हणजे काय." मग थोडे पुढे वाकले, मला नीट दिसावं म्हणून. "ही यादी तुझ्या हातात असती, तर राहिलं असतं की नाही माझं नाव?"

काकू मलिद्याची ताटली घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या.

"हो काका," मी म्हटलं.

त्यांना इतकं बरं वाटलं. मागे रेलून त्यांनी काकूंना हाक मारली, जणू त्या लांब कुठेतरी होत्या. "ऐकलंस का हन्ना? ही म्हणते, हिच्या हातात असतं तर राहिलं असतं."

"असणारच," काकू म्हणाल्या आणि ताटली माझ्या मांडीवर ठेवली. "आपली पोर आहे ती."